एर्नाबाईंचं बिऱ्हाड

बाबा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी मी त्यांच्या सापाचं घर उचलून रस्त्याच्या कडेला ठेवलं.

हेतू चांगलाच होता. कार्ल्सरूहेत आमच्या गल्लीत श्पेरम्युलची, म्हणजे घरातलं मोडकं सामान उचलून नेणारी गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि ती लाकडी पेटी खरोखरच मोडकळीला आली होती. ओल लागून तळ फुगला होता. एका कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. मी हॅम्बर्गहून आले होते, आई हॉलमध्ये नुसती बसून असायची, आणि माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं. नवं टेरारियम मी आधीच मागवलं होतं: दीड मीटर लांब, चारही बाजूंनी स्वच्छ काच, वर दिवे. सापाला त्यात सोडलं, जुनी पेटी खाली नेऊन ठेवली, आणि बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट धडपणे पार पाडल्यासारखं वाटलं.

साप म्हणजे एर्ना. आफ्रिकेतल्या लहान जातीची अजगरीण, सव्वा मीटर लांब, मनगटाहून बरीच जाड, काळसर अंगावर मधाच्या रंगाचे पट्टे. सहा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ हार्टविग बहिणीकडे बॉनला राहायला गेल्या, तेव्हा ‘दोन आठवडे सांभाळता का’ म्हणून तिला बाबांकडे ठेवून गेल्या. दोन आठवडे संपलेच नाहीत. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं गिअरबॉक्सची ड्रॉइंग काढलेल्या माणसाला अचानक असा जीव मिळाला की ज्यात एकही दात्याचं चाक नव्हतं आणि तरी तो पुढे सरकत होता. ते तिला एर्नाबाई म्हणत. “आज बाईंचा मूड नाही,” असं मला फोनवर सांगत. आईने सहा वर्षांत तिला बोटही लावलं नव्हतं. गोठवलेले उंदीर ठेवायला बाबांनी तळघरात वेगळा छोटा फ्रीझर घेतला, कारण आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “गणपतीचं वाहन माझ्या मटारांशेजारी नको.”

बाबांनी एर्नाला शेवटचं खायला घातलं ते वीस फेब्रुवारीला. त्यांच्या वहीत तशी नोंद आहे. तीन मार्चला ते गेले. मे महिना अर्धा सरला तरी एर्नाने तोंड उघडलं नव्हतं.

नवं टेरारियम हॉलमध्ये ठेवायचं हे आईने ठरवलं होतं. “ह्यांचं आहे ते. त्या मागच्या खोलीत अंधारात कशाला? इथे उजेड आहे, हवा आहे, माणसांची जाग आहे.” मलाही ते पटलं. आमच्या घराने या देशात तीनदा भाड्याची जागा शोधली, आणि प्रत्येक वेळी आईबाबांची कसोटी एकच होती: जागा मोठी हवी, उजेडाची हवी, हवेशीर हवी. पुण्यात दीड खोलीत संसार मांडलेल्या माणसांना चांगल्या घराची दुसरी व्याख्या माहीतच नव्हती. तीच आम्ही एर्नाला लावली. एका बाजूला बाबांचा फोटो, त्यापुढे समई, आणि दुसऱ्या बाजूला ती, झगझगीत काचेत, एखाद्या दागिन्यासारखी.

भेटायला येणारी माणसं सोफ्यावर बसत आणि नजर फोटोवर ठेवायची की सापावर हे त्यांना कळत नसे. बाबांचे जुने सहकारी जयंतकाका सोफ्याच्या पार टोकाला टेकले.

“वहिनी, विषारी नाही ना?”

“नाही हो. चहा घ्या.”

“नाही, म्हणजे झाकण वगैरे नीट लागतं ना?”

“तुमच्यापेक्षा तीच जास्त घाबरली आहे,” आई म्हणाली. सांत्वनाला आलेली माणसं पहिल्यांदाच हसली. पण आई सहज बोलून गेली ते अक्षरशः खरं होतं, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

एर्ना काचेच्या कोपऱ्यात वेटोळं करून असायची, डोकं मधोमध दाबून. मी तिच्यासाठी प्लास्टिकची एक गुहा आणली होती. ती तिच्यात शिरायची आणि थोड्या वेळाने बाहेर यायची. दर आठवड्याला मी कोमट केलेला उंदीर लांब चिमट्यात धरून तिच्यापुढे नेई आणि ती डोकं आणखी आत ओढून घेई. बाबांचा तराजू काढून वजन केलं. फेब्रुवारीत एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम होतं. आता तेराशे नव्वद.

प्राण्यांच्या डॉक्टरने तिला तपासलं. तोंड, फुप्फुसं, विष्ठा, सगळं ठीक. “आजारी नाही. तिला सुरक्षित वाटत नाहीये,” तो म्हणाला. मी काचेच्या तीन बाजूंना काळा कागद लावला. इंटरनेटवर वाचलं. एकजण लिहीत होता, लहान पेटी द्या, मोठ्या जागेत ते भेदरतात. दुसरा लिहीत होता, लहान पेटी म्हणजे क्रौर्य. दोघांच्याही एर्नांचे फोटो धष्टपुष्ट होते.

आईचं मत निराळं होतं, आणि ते तिने एका सकाळी मेथी निवडताना सांगितलं.

“ह्यांचं काहीतरी राहिलंय.”

मी मेथीची दुसरी जुडी सोडली.

“दहाव्याला मी गॅलरीत भात ठेवला. पान ठेवून हात धुवायच्या आत कावळा शिवला.”

“मग झालं की, आई.”

“काय झालं? इथले कावळे पिझ्झासुद्धा खातात. त्यांच्या शिवण्यावर माझा भरवसा नाही.” तिने एक देठ मोडला. “हिचं बघ. ही ह्यांच्या हातचं खायची. ही शिवत नाहीये.”

मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आले आहे आणि असल्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक आहे. ते मी दिलं नाही. एक तर समोर आई होती. आणि मी हॅम्बर्गहून दर रविवारी फोन करणारी मुलगी. शेवटच्या रविवारी बाबा म्हणाले होते, “निशी, एक गंमत दाखवायची आहे, इकडे येशील तेव्हा,” आणि मी म्हणाले होते, “ईस्टरला येते.”

सरपटणाऱ्या प्राण्यांना आसरा देणारी एक संस्था मी शोधून काढली होती. तिथल्या हेर ब्रेनरशी, म्हणजे ब्रेनरसाहेबांशी, फोनवर बोलले. “या, गेनाऊ,” म्हणजे ‘हो, बरोबर,’ असं तो प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होता. “आल्झो, तर मग शनिवारी आणा. आमच्याकडे एक जागा रिकामी होतेय. पण एकदा दिलीत की परत मिळणार नाही, हे लक्षात घ्या.” मी हो म्हटलं. तिचे कागद लागणार होते, जन्म कुठला, आधीचं कोण, म्हणून मंगळवारी मी बाबांचं टेबल उघडलं.

बाबांची वही मी तोवर फक्त वजनांसाठी पाहिली होती. कागद शोधताना ती मागून उघडली गेली. शेवटच्या पानात चार घड्यांचा एक ड्रॉइंगचा कागद होता.

ती एक पेटी होती, समोरून, बाजूने, वरून काढलेली. बाराशे मिलिमीटर लांब, सहाशे खोल, आठशे उंच. तीन बाजू लाकडाच्या, समोर सरकती काच, हवेच्या पट्ट्या कुठे, दिवा कुठे, त्याला जाळी कशी, सगळं त्या बारीक, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. कडेला लिहिलं होतं: ‘बाईंची लांबी दोऱ्याने मोजली, १२२०. हलत होत्या. पेटी थोडी वाढवणे?’ आणि पेटीच्या आत, डाव्या कोपऱ्यात, एक बसका उंचवटा काढला होता. आतून पोकळ. शेजारी एकच शब्द: वारूळ. त्याखाली: ‘तिकडे आफ्रिकेत या बाया वाळवीने सोडलेल्या वारुळांत राहतात. म्हणजे आपल्यासारखंच.’ उंचवट्याच्या तोंडाशी बाण काढला होता, आणि बाणाच्या टोकाशी, जिथे बाबांनी उभ्या जन्मात कधी जागा कोरी सोडली नसेल तिथे, आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह.

‘व्यास? चारूला विचारणे.’

चारू म्हणजे आई. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, आणि मग मला वाटलं होतं त्यातलं काहीच न करता म्हणाली, “मला काय विचारायचं होतं ह्यांना?”

“वारुळाचं भोक केवढं असतं ते.”

“मला कसं ठाऊक—” ती थांबली. “मी सांगितलं होतं ह्यांना. लग्नानंतर कधीतरी. पस्तीस-चाळीस वर्षं झाली.”

आईचं माहेर बार्शीजवळचं. नागपंचमीला मुली मळ्यामागच्या वारुळाला जात. ती नऊ वर्षांची असताना हळदीकुंकवाचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे पोचली, आणि तिच्यासमोर एक साप वारुळात शिरला.

“जाड होता ग, चांगला. आणि भोक एवढंसं. मला वाटलं, आता अडकणार. अडकला नाही. आत ओतल्यासारखा गेला. बायका मागून येईपर्यंत काही नव्हतंच तिथे. कुणाला खरं वाटलं नाही. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, भोकाचा व्यास किती होता? म्हटलं, नवी नवरी गोष्ट सांगते आहे आणि तुम्ही व्यास विचारता? मी सांगितलंच नाही.”

“किती होता?”

आई उठली. कपाटातून एक डबा आणला. बाबा गेल्यावर तिने हातातल्या काचेच्या बांगड्या फोडल्या नव्हत्या, काढून ठेवल्या होत्या. त्यातली एक हिरवी बांगडी तिने ड्रॉइंगवर, वारुळाच्या तोंडाशी ठेवली.

“माझ्या आईच्या बांगडीएवढं, तेव्हाही असंच वाटलं होतं मला. कासार हात दाबून भरतो ना बांगडी? तसा तो त्या भोकातून गेला. सगळीकडून लागून.” तिने चष्म्यावरून हॉलमधल्या प्लास्टिकच्या गुहेकडे पाहिलं. “हे काय आहे? एवढ्या दारातून कुणीही आत येईल. मी असते तर मीही झोपले नसते.”

मी बांगडी मोजली. त्रेसष्ट मिलिमीटर आणि वर थोडं.

तळघराच्या किल्ल्या बाबांच्या कोटात होत्या. आमच्या वाट्याच्या जाळीच्या खोलीत उंदरांचा फ्रीझर गुणगुणत होता. त्यामागे, भिंतीला टेकवून, जुन्या चादरीखाली कापलेल्या फळ्या होत्या. सगळ्या. कडा घासलेल्या, आतून पॉलिशचे तीन हात दिलेल्या, पाठीमागे पेन्सिलने आकडे घातलेल्या. नवी पेटी तयार होती. फक्त जोडायची राहिली होती. खोक्यात बिजागऱ्या, काचेच्या पट्ट्या, स्क्रूंच्या पिशव्या. आणि वारुळासाठी एक वाकवलेली, आतून पोकळ केलेली कॉर्कची ढोली, झाकणासकट, तोंड न पाडलेली. लाकडाला गोल भोक पाडायच्या करवतींचा संच शेजारीच होता. त्यात एक चौसष्टची होती.

मी रस्त्यावर नेऊन ठेवलेली पेटी बाबा स्वतःच टाकणार होते, हे तिथे उभी असताना मला कळलं. त्याने बरं वाटायला हवं होतं. पण त्या जुन्या पेटीत एक फुटका मातीचा कुंडा होता, उपडा घातलेला, एका बाजूला कपचा उडालेला. तो मी पेटीबरोबर टाकला होता. एर्ना सहा वर्षं त्याच्या आत राहिली होती.

बुधवार, गुरुवार आम्ही दोघींनी पेटी जोडली, बाबांच्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीला. मी आयुष्यात स्क्रू घट्ट केले ते फक्त विकत आणलेल्या कपाटांचे. आई आकडे वाचायची आणि मी फळी शोधायचे. एकही फळी चुकीची निघाली नाही. प्रत्येक भोक समोरच्या भोकावर येऊन बसत होतं, आणि दर वेळी आई “हं” म्हणत होती, बाबा एखादं कोडं सोडवत तेव्हा म्हणायची तसं.

ढोलीला तोंड पाडायच्या आधी तिने मला थांबवलं.

“एकच नको. वारुळाला एकच भोक नसतं. मागून एक मोठं पाड, अंधाराच्या बाजूला. खाऊन फुगली तर जाईल कुठून?”

हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं. मी पाडलं. कडा काचकागदाने गुळगुळीत घासल्या.

शुक्रवारी सकाळी एर्नाला उचललं. मी तिला उचलायला शिकले होते, पण सवय झालेली नव्हती. अजूनही नाही. हातांवर वजन येतं आणि मग ते वजन स्वतःचं स्वतः हलतं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जणू आत कुणी विचार करत आहे. नव्या पेटीत ठेवल्यावर ती किती तरी वेळ निश्चल होती. मग जीभ आली. तिने फळीची कड चाचपली, कोपरा चाचपला, कॉर्क. तोंडापाशी येऊन थांबली. चौसष्ट मिलिमीटर. तिचं अंग त्याहून जाड होतं, मला डोळ्यांनी दिसत होतं.

“अडकेल,” मी म्हणाले.

“गप्प बस,” आई म्हणाली.

डोकं आत गेलं. मग मान. मग तो जाड भाग कडेला आला आणि तिथेच बदलला, लांबट झाला, बरगड्यांची एक लाट पुढून मागे गेली, मधाच्या रंगाचे पट्टे अरुंद होत एकामागोमाग आत उतरले. आवाज असा नव्हताच, खवल्यांचा लाकडाशी होतो तेवढा. शेपटीचं टोक क्षणभर बाहेर राहिलं, आणि मग तिथे फक्त एक काळं गोल भोक होतं.

आई खाली बसली होती, जमिनीवर, गुडघे दुखत असताना. तिचा हात तोंडावर होता. नऊ वर्षांच्या मुलीवर कुणी विश्वास ठेवला नव्हता, आणि आता तिच्या शेजारी एक साक्षीदार बसली होती.

हेर ब्रेनरला मी फोन केला नाही. शनिवार उजाडायचा होता आणि तिने अजून खाल्लं नव्हतं.

संध्याकाळी, उजेड उतरायला लागल्यावर, मी उंदीर गरम पाण्यात ठेवला. त्याचं डोकं अंगाहून जास्त ऊबदार असावं लागतं. या सापांच्या ओठांवर खळगे असतात आणि त्यांतून त्यांना ऊब दिसते, डोळ्यांनी दिसावी तशी. मी आईचा केस वाळवायचा ड्रायर आणला.

“तो ड्रायर आजपासून तुझा,” आई ओढणी नाकाला लावून म्हणाली. पण खोलीतून गेली नाही.

चिमटा भोकापासून वीतभर अंतरावर धरला. काही नाही. हात भरून आला. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. भोकाच्या काळोखात मला काहीच दिसत नव्हतं, आणि तरीही मला ठाऊक होतं की आतून आम्ही तिघं दिसत आहोत: आईच्या चेहऱ्याची ऊब, माझ्या हाताची, आणि मधे ही लहानशी, उसनी ऊब. बाबा असते तर चार. किती तरी संध्याकाळी ती त्यांना असं पाहत आली असेल, चष्मा नाही, पांढरे केस नाहीत, नुसता एक कोमट आकार, धीर धरून बसलेला.

कडेला दोन टिंबं उमटली, नाकपुड्या. जीभ आली, थबकली, परत गेली. पुन्हा आली, या वेळी सावकाश, आणि हवेत थांबली.

मग मधलं काही दिसलंच नाही. उंदीर चिमट्यात होता, आणि नंतर नव्हता. भोकाच्या तोंडाशी एक वळसा पडला होता, त्यावर दुसरा, इतका घट्ट की पट्टे एकमेकांत मिसळले. माझ्या मनगटाला झटका जाणवला तो सगळं होऊन गेल्यावर. इतकी वर्षं ती एवढी सावकाश, एवढी मऊ, आणि हे सगळा वेळ तिच्या आत होतं.

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. जबडा एकेका बाजूने पुढे सरकला, आधी डावा, मग उजवा, गळ्याखाली फुगवटा उतरला. मग ती ढोलीला वळसा घालून मागच्या, मोठ्या दाराने आत गेली.

आईने माझा खांदा धरून स्वतःला उठवलं. दारापर्यंत गेली, आणि हॉलच्या दिशेने, जेवायला बोलवायची त्या आवाजात, म्हणाली, “अहो, खाल्लं तिने.”

सकाळी मी हेर ब्रेनरला फोन केला आणि एर्ना इथेच राहणार म्हणून सांगितलं. “या, गेनाऊ,” तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याला आनंदच झाला. वहीत तारीख लिहिली. आई चहाचा कप घेऊन मागे उभी होती.

“आता परत कधी?”

“दहा-बारा दिवसांनी. मी येईन ना, आई. शुक्रवारची आइसीइ गाडी पकडून—”

“तू दर वेळी हॅम्बर्गहून उंदीर भरवायला येणार?” तिने कप टेबलावर ठेवला, ड्रॉइंगपासून लांब. “चिमटा केवढा लांब आहे तो?”

“चाळीस सेंटिमीटर.”

आईने हात पुढे करून अंतराचा अंदाज घेतला.

“साठचा मागव,” ती म्हणाली.